ठिणगीचं माप

आज एका लहानशा वस्तूबद्दल बोलायचं आहे. मुठीत मावेल एवढी ती असते. पेट्रोल गाडीच्या प्रत्येक सिलिंडरला बहुधा एकच. गाडी नीट चालते तोवर तिची कुणाला आठवण येत नाही आणि गाडी बंद पडली की सगळ्यात आधी तिच्याच नावानं बोटं मोडली जातात. मी बोलतोय स्पार्क प्लगबद्दल.

कविता लिहिणाऱ्या माणसानं प्लगवर का बोलावं, असं तुम्ही विचाराल. कारण साधं आहे. सालेकसात माझी संध्याकाळची बैठक एका मिस्त्रीच्या गॅरेजसमोरच्या बाकावर असते. तिथं चहा मिळतो, पेपर मिळतो आणि माणसं भेटतात. मिस्त्री मला ‘कवीभाऊ’ म्हणतो आणि माझ्या कवितेपेक्षा इंजिनाचा आवाज अधिक लक्ष देऊन ऐकतो. एकदा हातातला काळा पडलेला प्लग माझ्यासमोर धरून तो म्हणाला, ‘कवीभाऊ, हा सगळं सांगते जी. आपल्याले आयकता आलं पायजे.’ तेव्हापासून मीही ऐकू लागलो.

आमचा तालुका छत्तीसगडच्या सीमेवरचा. एकीकडे भाताची बांधी, दुसरीकडे दरेकसाचं जंगल आणि डोंगर. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी दूरदूरचे गोंड बांधव येतात, तेव्हा जीपगाड्यांना उसंत नसते. एरवीही रात्री-अपरात्री पेशंटला आमगावला, गोंदियाला न्यायचं तर गावातल्या कुणाच्या तरी गाडीचाच आधार. म्हणून इथं गाडी ही हौस कमी आणि भाकरी जास्त आहे.

या जीपगाड्या बहुतेक डिझेलच्या. त्यांना टर्बो असतो, पण स्पार्क प्लग नसतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तीच तापते आणि तीत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. उलट जुन्या पेट्रोल गाड्यांना, स्कूटरना प्लग होता, पण टर्बो नव्हता. म्हणजे आमच्या मिस्त्रीला टर्बो ओळखीचा आणि प्लगही ओळखीचा. पण दोघं एका घरात नांदायला लागले ते अलीकडं.

झालं असं, की १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे प्रदूषण नियम लागू झाले. लहान डिझेल इंजिनं त्या नियमांत बसवणं महाग पडू लागलं. मारुतीनं डिझेल गाड्या थांबवल्या, इतर काही कंपन्यांनीही लहान डिझेल इंजिनं सोडली. त्यांची जागा लहान टर्बो पेट्रोल इंजिनांनी घेतली. सुरुवात त्याआधीच झाली होती आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा. टाटांची नेक्सॉन २०१७ साली आली ती पुण्याजवळच्या रांजणगावातून, महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० आली २०१९ साली नाशकातून. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टीएसआय इंजिनांच्या गाड्या बाहेर पडल्या. शहरात चार-पाच वर्षं फिरून यातल्या काही गाड्या जुन्या बाजारातून आता आमच्यासारख्या गावांत येऊ लागल्या आहेत. गाडी येते, पण गाडीचं पुस्तक पुष्कळदा येत नाही. गोम तिथंच आहे.

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्युची या स्वित्झर्लंडच्या अभियंत्यानं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. मारुतीचं साधं एक लिटरचं इंजिन सुमारे ६७ अश्वशक्ती देतं. तेवढ्याच आकाराचं टीएसआय इंजिन स्कोडाच्या कुशाकमध्ये सुमारे ११५ देतं. भांडं तेवढंच, पण आच जवळपास दुप्पट. आणि त्या आचेत तोंड घालून बसलेला असतो आपला प्लग.

लोकांना वाटतं प्लगचं काम एकच, ठिणगी पाडणं. खरं तर त्याला दोन कामं असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी पाडतो, हे पहिलं काम. दुसरं काम, स्वतःला मिळालेली उष्णता इंजिनाच्या धातूत परत पोचवणं. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिलं पाहिजे. त्याखाली गेलं तर काजळी जळत नाही, प्लग काळा पडतो आणि ठिणगी काजळीतून पळून जाते. त्याच्या फार वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवतं. पिस्टन वर येत असताना वरून स्फोटाचा दणका बसतो. असं चालत राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

या उष्णतेच्या हिशोबावरून प्लग ‘गरम’ किंवा ‘थंड’ ठरतो. ठिणगी दोघांची सारखीच असते. फरक असतो आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नाकात. नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर जायला लांबची वाट, म्हणून तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर वाट जवळची, म्हणून तो थंड. टर्बो इंजिनात आच जास्त, म्हणून त्याला साध्या इंजिनापेक्षा बहुधा थंड प्लग लागतो.

आता खरी फसगत ऐका. हा गरम-थंडपणा प्लगवर आकड्यात लिहिलेला असतो. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. बॉशच्या प्लगवर नेमकं उलटं, आकडा जितका मोठा तितका प्लग गरम. डेन्सोचा हिशोब आणखी वेगळा, तिथं २०, २२, २४ असे आकडे असतात आणि मोठा आकडा थंड. म्हणजे पुस्तकात एनजीकेचा आठ नंबर लिहिलेला असताना कुणी ‘आठ म्हणजे आठ’ म्हणून बॉशचा आठ नंबर बसवला, तर थंडच्या जागी चांगला गरम प्लग बसला. आटे जुळतात, लांबी जुळते, गाडी चालूही होते. पण काम बिघडलेलं असतं. कंपनी बदलायची असेल तर आकडा जुळवू नका. त्या कंपनीच्या तक्त्यात आपल्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन शोधा.

दुसरं माप फटीचं. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडी मारते. आमच्या पिढीनं मायकोचे प्लग पाहिले आहेत. स्कूटरचा प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा आणि हॅक्सॉ ब्लेड घालून फट बघायची. ब्लेडची जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर, त्यामुळे ते जमूनही जायचं. साध्या पेट्रोल कारमध्ये फट बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असते. टर्बोमध्ये ती कमी, पुष्कळदा ०.६ ते ०.८. कारण हवा जितकी दाबलेली, तितकं ठिणगीला तिच्यातून उडी मारणं अवघड. वाऱ्यात बिडी पेटवणारा माणूस काडी जवळ धरतो, हात आणखी जवळ आणतो, तसंच हे. फट मोठी ठेवली तर सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चढ लागला, टर्बोनं हवा भरली, की ठिणगी चुकते.

आमच्या तालुक्यातल्या एका तरुणाचं असंच झालं. घरची थोडी शेती, त्यात कर्ज काढून जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि भाड्यानं चालवू लागला. शहरातल्या कुण्या दुकानात त्याला ‘हेही चालतात’ म्हणून दुसरेच प्लग बसवून मिळाले. गोंदियाच्या रस्त्यावर गाडी झकास. एका लग्नाचं भाडं घेऊन, पाच माणसं भरून दरेकसाच्या पुढच्या चढाला लागला आणि गाडी झटके देऊ लागली. समोर इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करू लागला. वऱ्हाडाला उशीर नको, म्हणून त्यानं तशीच रेटली.

उघडझाप करणारा तो दिवा सांगत असतो, की सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर जात आहे. ते जातं धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, तिथं जळतं आणि आतली जाळी वितळवतं. त्याचं तेच झालं. प्लगमध्ये वाचले होते काहीशे रुपये, कन्व्हर्टरला लागले बँकेच्या कित्येक हप्त्यांइतके. दोन महिने गाडी उभी आणि हप्ता मात्र चालू. मिस्त्रीनं त्याला रागावलं नाही. एवढंच म्हणाला, ‘बाबू, दिवा लुकलुकला का गाडी थांबवाची. वऱ्हाड पायी जाईन, पर तुयी रोजी नाही गेली पायजे.’

मग चांगला प्लग म्हणजे सगळ्यात महागडा का? तसंही नाही. साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं, जवळपास अडीच मिलिमीटर जाड. निकेल १४५५ अंशांना वितळतं. प्लॅटिनम १७६८ अंशांना, इरिडियम त्याहून वर, २४४६ अंशांना. त्यामुळे इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबाच्या विजेतही उडते आणि टोक झिजतं हळू. टर्बो इंजिनाला याचा फायदा नक्की होतो आणि पुष्कळ कंपन्या तेच देतात. पण चुकीच्या आकड्याचा इरिडियम प्लग हा चुकीचाच प्लग. आम्ही गझल लिहिणारे म्हणतो, शब्द कितीही भारी असो, वजनात बसला नाही तर ओळ लंगडते. इंजिनाचंही तसंच असतं.

‘थंड लागतो ना, मग आणखी एक आकडा थंड घेऊ, इंजिन सुरक्षित राहील,’ असंही काही जण म्हणतात. शहरात संगणकावरून इंजिनाची ताकद वाढवून घेणारी हौशी मुलं एक पायरी थंड प्लग घालतात, त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर असतं. पण आपली गाडी कारखान्यातून आली तशीच असेल आणि रोज बाजारापर्यंत चार-पाच किलोमीटरच जात असेल, तर जास्त थंड प्लग कधी तापतच नाही आणि काजळीनं भरतो. कारखान्यानं जे माप दिलं, ते आजमावून दिलेलं असतं.

आता चार कामाच्या गोष्टी. पुस्तक नसेल तर जुना प्लग दाखवून नवा मागू नका. आधीच्या मालकानं चुकीचा बसवला असेल तर तीच चूक पुढं चालेल. गाडीच्या मॉडेल-वर्षावरून पूर्ण क्रमांक मिळवा, त्यातलं एक अक्षरही बदललं तर लांबी किंवा आटे बदलतात. नकली प्लग बाजारात असतात. पुसट छपाई, वाकडं टोक आणि न पटण्याइतकी कमी किंमत दिसली तर परत करा. पक्कं बिल घ्या. सगळे प्लग एकदम बदला. इरिडियमचं टोक घासू नका. हातातून फरशीवर पडलेला प्लग बसवू नका, आतल्या चिनी मातीला तडा गेला तर बाहेरून दिसत नाही.

बसवताना इंजिन थंड हवं. प्लगच्या खळग्यात आमच्याकडं धूळ आणि भाताचा कोंडा हमखास असतो. तो आधी हवेनं उडवा, नाहीतर सिलिंडरमध्ये जाईल. सुरुवातीचे आटे हातानंच फिरवा. मग टॉर्क पाना घ्या. १४ मिलिमीटरच्या प्लगला बहुधा २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २०. जोर लावणं ही मर्दुमकी नाही, इंजिनाचं डोकं अॅल्युमिनियमचं असतं.

आणि काढलेला प्लग लगेच फेकू नका, वाचा. टोक फिकं तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग फार थंड आहे. तेलकट असेल तर आत ऑइल येतंय. पांढरं, फोड आल्यासारखं असेल तर सावध व्हा, आत फार तापतंय.

आमच्याकडं मे महिन्यात ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत जातं. अशा दुपारी, गाडीत पेशंट असताना, जंगलातल्या चढावर गाडीवाला दिव्याकडं बघत असतो. त्या वेळी त्याची सगळी भिस्त असते अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या एका फटीवर. ती फट, तो आकडा आदल्या दिवशी कुणीतरी नीट पाहिलेला असावा, एवढंच मागणं आहे. गॅरेजमध्ये पाच मिनिटं जास्त लागतील. लागू द्या. तेवढ्यात चहा घ्या.