मोकळीक कोणाची, फी कोणाची?

जमीनदार कुळास म्हणाला, "आजपासून तू मोकळा; मात्र पीक मी ठरवीन आणि बियाणे दरसाल थोडे कमी देईन," तर त्या मोकळिकीला आम्ही काय म्हणावे? जपानात असेच घडले. तेथील राष्ट्रीय विद्यापीठे सरकारी खात्याचाच भाग होती. २००३ च्या कायद्याने ती १ एप्रिल २००४ पासून स्वतंत्र संस्था झाली. शिक्षक सरकारी नोकर उरले नाहीत. पण सहा वर्षांची उद्दिष्टे मंत्रीच ठरवून देतो, कुलगुरूची नेमणूकही तोच करतो. अनुदान मात्र कित्येक वर्षे सालोसाल सुमारे शेकडा एक घटत गेले.

विद्यापीठाने आपला कारभार आपण पाहावा, बारीकसारीक खर्चासाठी खात्याच्या कारकुनाकडे हेलपाटे घालू नयेत, हे आम्हांस मान्यच आहे. आमचा सवाल एवढाच, की तूट कोण भरणार? सरकारने ठरविलेल्या फीवर शेकडा वीसपर्यंत वाढ करण्याची मुभा तेथे आहे. तोक्यो विद्यापीठाने ती पुरेपूर घेतली: वर्षाची फी ५,३५,८०० येन होती, ती २०२५ साली दाखल झालेल्या पदवीच्या मुलांना ६,४२,९६० पडली. गरिबांस माफी नाही असे नाही. साठ लाख येनांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना पुरी माफी आहे. त्या रेषेच्या जरा वर असलेल्या सुताराने मात्र दोन मुलांपैकी कोणाला पाठवावे?