पायांची सूज आणि सफरचंदाचा शिरका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे व्याख्यान मला जमणार नाही. पण हल्ली आपल्या बैठकीत एक गोष्ट हटकून निघते. पाय सुजले की रोज सकाळी पाण्यातून सफरचंदाचे व्हिनेगर घ्यावे, अंगातले पाणी उतरते, असे म्हणतात. त्याविषयी जे समजले ते सांगते.

व्हिनेगर म्हणजे शिरका. गोव्याकडे माडीचा करतात, तसाच हा सफरचंदाच्या रसाचा. कोशिंबिरीत चमचाभर घातला तर बिघडत नाही. परंतु त्याने सूज उतरते याला भक्कम पुरावा नाही. नुसता प्यायल्यास दात झिजतात, घसा पोळतो. लघवीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून रोज घेऊच नये.

सुजेचे एक कारण आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मीठ अंगात पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट लहान चमचाभरही नको. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ आपण मोजतच नाही! दुसरे कारण, ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे. मधून मधून पाय उशीवर उंच ठेवावेत, घोटे हलवावेत, थोडे चालावे.

आता महत्त्वाचे. नडगीवर अंगठा दाबला आणि खळगा तसाच राहिला, तर ते साठलेले पाणी समजावे. सूज रोजचीच झाली, सकाळी डोळ्यांभोवती दिसू लागली, लघवीला फेस येऊ लागला, तर मूत्रपिंड, हृदय किंवा यकृत यांची तपासणी हवी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. त्या आपण होऊन बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला, आडवे पडल्यावर दम लागला, किंवा गरोदर सुनेचे हात-तोंड सुजून डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

भगिनींनो, घरात कुणाला ताप आला तर आपण धावतो. स्वतःच्या सुजेला मात्र “उतरेल हळूहळू” म्हणतो. शिरक्याची बाटली आणली की दोन महिने सहज निघून जातात, आणि आतला आजार तेवढा वाढतो. तेव्हा आधी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. एकटीला संकोच वाटत असेल, तर शेजारणीला बरोबर घ्या. मंडळ आहे ते त्यासाठीच.