सहाशे माणसं आणि निळ्या बरण्या

आज तुम्हाला जर्मनीत घेऊन जातो. ड्रेस्डेन शहरात झ्विंगर नावाचा बरोक शैलीतला राजवाडा आहे आणि त्यात चिनी मातीच्या भांड्यांचं मोठं संग्रहालय.

सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाला या भांड्यांचं अक्षरशः वेड होतं. योहान ब्योटगर नावाच्या किमयागाराला त्याने सोनं बनवायला कैदेत ठेवलं. सोनं काही झालं नाही, पण चीनसारखी पांढरी भांडी जमली आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १७१७ मध्ये ऑगस्टसने प्रशियाच्या राजाला आपले ६०० ड्रॅगून, म्हणजे घोडदळातले शिपाई, देऊन टाकले. बदल्यात घेतली १५१ भांडी! त्यातल्या उंच निळ्या-पांढऱ्या बरण्यांना आजही 'ड्रॅगून बरण्या' म्हणतात. नंतर भांड्यांची यादी झाली, प्रत्येकावर नंबर पडला. शिपायांचा मात्र आपल्याला फक्त आकडा सांगितला जातो.

हे वाचून मी आधी हसलो. मग आठवलं, गेल्याच आठवड्यात मी मेल टाकला होता, "दोन रिसोर्स त्या प्रोजेक्टला देतो." त्यातला एक नुकताच बाबा झालाय. नवीन प्रोजेक्टची शिफ्ट रात्रीची. मी त्याला विचारलंही नव्हतं.

सोमवारी विचारलं. तो म्हणाला, "नको रे." मग दुसरा मेल टाकला, यावेळी नावं लिहून.

तुम्हीही एकदा आपले मेल बघा. भेटूया पुढच्या भागात!