अनुभवाची पहिली पायरी



काही वर्षांपूर्वी एक पदवीधर तरुण माझ्या पेढीवर काम मागण्यास आला. "अनुभव काय?" एवढेच विचारून मी त्यास परत पाठविले. रात्री रोजमेळ जुळविताना मन खजील झाले. बी.कॉम. झालो तेव्हा मला तरी कोणता अनुभव होता? ताका मोजणे, खतावणी, उधारीची वसुली, हे सारे वडिलांनी गादीवर बसवून शिकविले. ज्याच्या घरी पेढी नाही, त्याने कोठे शिकावे?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात यावर मार्ग आहे. २०१९ पासून ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांस असे उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांस ते ऐच्छिक आहे. उमेदवारास दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेतून त्याचा काही वाटा केंद्र सरकार उचलते.

ऐच्छिक म्हणजे आपल्या सद्सद्विवेकावर सोडलेले. आपल्या बाजारपेठेतील प्रत्येक पात्र पेढीने प्रतिवर्षी एक तरी उमेदवार घ्यावा, ही माझी नम्र विनंती. आरंभ मी यंदा माझ्या पेढीपासून करीत आहे. त्या तरुणाचे देणे माझ्या खाती अजून बाकी आहे.

जय जिनेंद्र!