दयेच्या पलीकडे



अंधांसाठी कार्य करणाऱ्या संस्थेचा विषय निघाला की आपला हात प्रथम खिशाकडे जातो. ती भावना मोलाचीच आहे; परंतु देणगीने एक दिवस निभावतो, रोजगाराने आयुष्य उभे राहते. हे ओळखणाऱ्या एका संस्थेचा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

१९०० साली लंडनमध्ये ‘डेली एक्स्प्रेस’ हे दैनिक सुरू करणारे आर्थर पिअर्सन यांची दृष्टी पुढे काचबिंदूने गेली. पहिल्या महायुद्धात अंध होऊन परतणाऱ्या सैनिकांसाठी त्यांनी १९१५ मध्ये ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था स्थापन केली. तेथे येणाऱ्या सैनिकाला अंधांसाठीचे घड्याळ भेट मिळे. काटे चाचपून वेळ स्वतःच ओळखायची, हा स्वावलंबनाचा पहिला पाठ! त्यानंतर ब्रेल, टंकलेखन, टेलिफोन चालविणे, मसाज, सुतारकाम, पादत्राणांची दुरुस्ती, टोपल्या विणणे, कुक्कुटपालन असे शिक्षण मिळे. शिकविणाऱ्यांतही अंध शिक्षक असत.

मात्र संस्थेचे खरे वैशिष्ट्य शिक्षण संपल्यानंतर दिसे. गावी परतलेल्या कारागिराला कच्चा माल पुरविणे, त्याच्या कामाचा दर्जा राखणे, वस्तूंना गिऱ्हाईक मिळवून देणे, ही जबाबदारी संस्था पुढेही वाहत असे. १९२१ मध्ये पिअर्सन निवर्तले. धुरा आली ती सॉमच्या रणांगणावर दृष्टी गमावलेल्या इयान फ्रेझर यांच्याकडे. १९७४ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. ज्यांना आधार दिला, त्यांच्यातूनच नेतृत्व उभे राहिले.

या कार्याची एक शाखा आपल्याही भूमीत रुजली. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडून येथे केंद्र सुरू झाले. त्याची धुरा वाहणारे क्लूथा मॅकेंझी हे स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत अंध झालेले न्यूझीलंडचे सैनिक होते. १९५० मध्ये भारत सरकारने ते केंद्र हाती घेतले. आजची तेथील राष्ट्रीय संस्था ही त्याचीच परिणती होय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिले. त्यातील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. परंतु खाजगी कचेरी, दुकान, कारखाना यांचे दार समाजानेच उघडावयाचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या हाती अशी दारे आहेत. देणगी अवश्य द्या. पण त्याबरोबर एका अंध उमेदवाराला मुलाखतीसाठी बोलवा. त्याला काय दिसत नाही हे विचारण्यापूर्वी, त्याला काय येते ते विचारा.