तारापूरची वीज

पाचोडच्या शेतकऱ्याला विजेचे मोल समजावून सांगावे लागत नाही. मोसंबीला पाणी द्यायचे आणि मोटार बंद, ही अवस्था त्याने भोगलेली आहे. कोळशावाचून वीज कशी होते, हे मात्र तारापूरकडे पाहिल्यावर कळते.

तेथेही अखेर पाणीच उकळते आणि वाफेने टर्बाइन फिरते. निराळी आहे ती भट्टी. युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रावर न्यूट्रॉन आदळला की ते दुभंगते, उष्णता निघते आणि सुटलेले दोन-तीन न्यूट्रॉन पुढची केंद्रे फोडतात. नियंत्रक दांडे जादा न्यूट्रॉन शोषून या साखळीला लगाम घालतात. एक किलो युरेनियम-२३५ चे संपूर्ण विखंडन झाले, तर सुमारे ३००० टन कोळशाइतकी उष्णता मिळते, आणि तीही धुरावाचून! वापरलेले इंधन मात्र दीर्घकाळ किरणोत्सारी राहते. ते सांभाळण्याचा खर्च विसरून या विजेला स्वस्त म्हणणे अप्रामाणिक ठरेल.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी, इंधनही तिकडचेच. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या इंधनासाठी देशाला अडवणूक सोसावी लागली. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या दोन्ही अणुभट्ट्या मात्र स्वदेशी; नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालणाऱ्या. स्वावलंबन म्हणतात ते हेच.

या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. जायकवाडीच्या जलाशयात गावे बुडालेली पाहणाऱ्या पैठण तालुक्याला ते दुःख निराळे सांगायला नको.