परिषदेपुढें ठेवलेली एक योजना

विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करण्यासाठीं परिषदा भरविण्याची चाल आतां चांगलीच रुळली आहे. कुलगुरु, कुलसचिव, परीक्षाविभागाचे अधिकारी, कॉलेजांचे प्राचार्य अशी मंडळी तेथें जमतात. परिषदेच्या कांहीं महिने आधीं निमंत्रण निघतें. ज्याला कांहीं मांडावयाचें असेल त्यानें आपल्या विषयाचा थोडक्यांत गोषवारा पाठवावा, अशी त्यांत अट असते. गोषवारा पसंत पडला तर पंधरा-वीस मिनिटें बोलावयास मिळतात. हें सारें दप्तरी काम वाटतें आणि सामान्य घरांतील माणसें तिकडे लक्ष देत नाहींत. वस्तुतः मुलीला कोणत्या भाषेंत शिकावें लागेल, घरीं अभ्यास करून परीक्षेस बसतां येईल कीं नाहीं, मिळालेल्या पदवीला व्यवहारांत कांहीं किंमत राहील कीं नाहीं, हे घरोघरचे प्रश्न पुष्कळदां असल्याच बैठकींतून वर येतात.

या गोषवाऱ्यांचा नेहमींचा दोष असा कीं, मथळा मोठा असतो आणि योजना नसते. शिक्षणाला नवें वळण द्यावें, हें कोण नाकबूल करील? पण तें कोणीं द्यावें, कोणत्या नियमानें द्यावें, पैसा कोठून आणावा, आणि सरकारनें पाठ फिरविली तर काय करावें, याविषयीं लेखक बहुधा मुग्ध असतो. म्हणूनच असल्या परिषदेस कांहीं लिहून धाडूं इच्छिणाऱ्यानें महाराष्ट्रांतलेंच एक जुनें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. तें १९१५ सालचें आहे.

त्या वर्षीं हिंदुस्थानांत कलकत्ता, मुंबई, मद्रास, पंजाब व अलाहाबाद हीं पांचच विद्यापीठें चालू होतीं. विद्यापीठांनीं एकत्र बसून आपल्या कारभाराची चर्चा करावी अशी कायमची सोयहि तेव्हां नव्हती. आंतरविद्यापीठ मंडळ निघालें तें १९२५ सालीं. त्यामुळें विद्यापीठाची घटना, शिक्षणाचें माध्यम, परीक्षा असले विषय मांडावयाचे तरी कोठें, हाच पहिला प्रश्न होता. धोंडो केशव कर्वे यांनीं ते मांडले सामाजिक परिषदेपुढें.

कर्वे त्या वेळीं सत्तावन्न वर्षांचे होते. फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताच्या प्राध्यापकाचें काम त्यांनीं १९१४ पर्यंत केलें होतें. १८९६ सालीं काढलेला अनाथ बालिकाश्रम व १९०७ सालीं निघालेलें महिला विद्यालय यांचा संसार त्यांच्या शिरावर होता. अशांत टपालानें त्यांच्याकडे एक पुस्तिका आली. तोकियो येथें १९०१ सालीं जिन्झो नारुसे यांनीं स्थापन केलेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती तींत होती. धाडणाराचें नांव त्यांना ठाऊक नव्हतें. ते गृहस्थ बनारसचे शिवप्रसाद गुप्त होते, हें पुढें पुष्कळ दिवसांनीं समजलें. कर्व्यांनीं पुस्तिका वरवर चाळली आणि बाजूस ठेवून दिली. पुढें डिसेंबर १९१५ मध्यें मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद पत्करण्याविषयीं त्यांना विचारणा झाली. आतां या सभेपुढें बोलावयाचें काय, असा विचार करीत असतां ती पुस्तिका त्यांना आठवली.

त्यांनीं काढलेला विषय एकच होता. स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ असावें. त्यांतील शिक्षण मातृभाषेंतून दिलें जावें. इंग्रजी हा विषय आवश्यक म्हणून राहावा, पण इतर विषय शिकण्याचें तें साधन असूं नये. आणि अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाची नक्कल नसून स्त्रियांच्या गरजा पाहून आंखलेला असावा. यांतला शेवटचा भाग आज जसाच्या तसा मान्य होणार नाहीं, व तेव्हांहि तो सर्वांना रुचला नव्हता. स्त्रीचें कार्यक्षेत्र पुरुषाहून वेगळें, म्हणून तिचें शिक्षणहि वेगळें, अशी त्या विचाराची बैठक होती. ज्या पुण्यांत आगरकरांनीं मुलांना व मुलींना एकच शिक्षण देण्याचा पुरस्कार केला होता, तेथें हें पाऊल मागें पडतें आहे असें कोणास वाटलें तर त्यांत नवल नव्हतें. मुंबई विद्यापीठाची दारें स्त्रियांना बंद नव्हतीं. मग निराळें दार कशाला? हा आक्षेप पोकळ नव्हता.

पण कारभाराच्या दृष्टीनें कर्व्यांचें म्हणणें फार पक्कें होतें. दार उघडें असून आंत जाणाऱ्या स्त्रिया किती थोड्या, हें सर्वांना दिसत होतें. त्याचें एक मोठें कारण भाषा. परक्या भाषेंतून सर्व विषय शिकण्यांत जीं वर्षें खर्चीं पडत, तितकीं वर्षें मुलीला शाळेंत ठेवण्यास त्या काळचीं घरें तयार नव्हतीं. माध्यम बदला म्हणजे हीं वर्षें वांचतील, आणि वर्षें वांचलीं कीं मुली टिकतील, असा हा हिशेब होता. गणिताच्या प्राध्यापकाला तो सुचावा हें साहजिकच आहे. गांधीजींना मातृभाषेचा मुद्दा पसंत पडला. त्यांच्या मतें इंग्रजीहि ऐच्छिकच असावयास हवें होतें. कर्व्यांनीं आपला आग्रह सोडला नाहीं. आधुनिक ज्ञानाशीं संबंध तुटलेली पदवी मुलींच्या हातीं द्यावयाची नाहीं, हें त्यांनीं मनाशीं ठरविलें होतें.

दुसरा प्रश्न होता सरकारी सनदेचा. सनद मिळेपर्यंत थांबावयाचें तर योजना कागदावरच राहणार, आणि न थांबावें तर पदवीला मान्यता नाहीं. कर्व्यांनीं थांबावयाचें नाहीं असें ठरविलें. ठिकठिकाणीं हिंडून त्यांनीं वर्गणीदार मिळविले, नियामक सभा उभी केली, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपति व डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरु झाले, आणि परिषदेतील भाषणाला सहा महिने होतात न होतात तोंच, जून १९१६ मध्यें, विद्यापीठ सुरू झालें. हिंगण्याच्या कॉलेजांत विद्यार्थिनी होत्या पांच! ज्यांच्या हातून निव्वळ ठराव पास होतात त्यांनीं हा आंकडा पाहून हंसावें कीं लाजावें, हें त्यांचें त्यांनींच ठरवावें.

१९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, व त्यांच्या मातुःश्रींचें नांव विद्यापीठास मिळालें. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ हें नांव तेव्हांपासूनचें. पुढें विद्यापीठाचें ठाणें मुंबईस गेलें. पैशाची विवंचना अशी हलकी झाली, पण मान्यतेची मात्र सुटली नाहीं. ‘गृहीतागमा’ ही पदवी घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रीला आपल्या पदवीचा अर्थ प्रथम समजावून सांगावा लागे, आणि मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. शीं तिची बरोबरी होते कीं काय हा वाद नोकरीच्या दारांत उभा राही. विद्यापीठाला वैधानिक दर्जा १९५१ सालीं लाभला. म्हणजे पस्तीस वर्षें त्या मुलींनीं व त्यांच्या पालकांनीं योजनेच्या या एका उणिवेची किंमत भरली. योजकाच्या धैर्याची स्तुति करतांना ही दुसरी बाजू बहुधा सांगितली जात नाहीं, ती सांगितली पाहिजे.

१९२९ सालीं, एकाहत्तराव्या वर्षीं, कर्वे परदेशीं गेले. लंडनला कॅक्स्टन हॉलमध्यें ईस्ट इंडिया असोसिएशनपुढें ते हिंदी स्त्रियांच्या शिक्षणावर बोलले. जिनीव्हा येथें २५ जुलै ते ४ ऑगस्टपर्यंत शिक्षणपरिषद होती. तेथें त्यांच्या भाषणाचा विषय होता स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हिंदुस्थानांतील प्रयोग. ‘प्रयोग’ हा शब्द येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. १९१५ मध्यें त्यांच्याजवळ कल्पना होती, आणि तिला त्यांनीं कल्पनाच म्हटलें. १९२९ मध्यें तेरा वर्षांचा अनुभव गांठीं होता, तरी त्याला त्यांनीं सिद्धांत म्हटलें नाहीं.

परिषदेच्या निवडसमितीवर बसणाऱ्यांना हा फरक उपयोगी पडेल. पुढें काय करावें हें सांगणारा गोषवारा निराळा, आणि काय केलें हें सांगणारा निराळा. दोहोंनाहि जागा असावी. पण पहिल्याकडून खर्च, नियम व पहिल्या वर्षाचा विद्यार्थ्यांचा अंदाज मागून घ्यावा, आणि दुसऱ्याकडून काय साधलें याबरोबर काय साधलें नाहीं तेंहि. अर्ज पाठविणारा एखाद्या लहान कॉलेजांतला कारकून असेल आणि त्याच्याजवळ पांचच विद्यार्थ्यांची हकीकत असेल, तरी तेवढ्यावरून त्याचा कागद बाजूला सारूं नये.